मुलीच्या अंगावरून किती जातं हे मोजा, नुसतं "होतंच असं" म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात पाळीवर लेख येतात, महिला दिनाला तर पानभर येतात आणि ते यायलाच हवेत. पण त्यात बहुतेक वेळा शिवाशीव, पॅड, कप, देवळात जायचं की नाही हेच असतं. किती रक्त गेलं म्हणजे जास्त, किती दिवस चाललं की डॉक्टरकडे न्यायचं, कुठल्या टेस्ट करायच्या हे साध्या भाषेत आकड्यांसकट कुणी सांगत नाही. माझी लेक नववीत आहे आणि गेलं वर्षभर आमच्या घरात हाच विषय चालू आहे, म्हणून लिहितेय.

तिची पाळी सातवीत सुरू झाली. दोन-दोन महिने यायचीच नाही आणि आली की आठवडा उलटला तरी थांबायचं नाव नाही. सासूबाई म्हणाल्या सुरुवातीला होतंच असं, आत्याबाईंचं तेच, शेजारच्या काकू म्हणाल्या लग्न झालं की आपोआप लाईनीवर येईल. यातलं अर्धं खरंय. पहिली दोन-तीन वर्षं मेंदू आणि बीजकोश यांचा ताळमेळ नीट बसलेला नसतो, त्यामुळे दर महिन्याला अंडं बाहेर पडतंच असं नाही, आणि ते पडलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, मग गर्भाशयाचं आतलं अस्तर नुसतं जाड होत राहतं आणि कधीतरी कसंही तुटून पडायला लागतं. म्हणून आधी उशीर आणि मग धो धो. तर पाळी मागेपुढे होणं या वयात समजू शकतो, पण खूप जाणं हे त्याच खात्यात टाकून मोकळं व्हायचं नाही. कारण काहीही असो, गेलेलं रक्त पोरीच्याच अंगातलं असतं ना.

आता आकडे सांगते, कारण मला ते कुणीतरी कागदावर लिहून दिले तेव्हा खरा आधार वाटला. या वयात एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २१ ते ४५ दिवस हे ठीक. रक्तस्राव ७ दिवसांपर्यंत ठीक. दिवसाला तीन ते सहा पॅड लागणं ठीक. त्याच्या पलीकडे म्हणजे ७ दिवसांपेक्षा जास्त चालतंय, तासा-दोन तासाला पॅड पूर्ण भिजतोय, रात्री उठून बदलावा लागतोय, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडतायत, किंवा एकदा जरी पाळी ९० दिवसांच्या वर लांबली, तर डॉक्टरकडे जायचं, वाट बघायची नाही. आणि तासाला एक पॅड असं सलग दोन तास झालं, चक्कर येतेय, छातीत धडधडतंय, मुलगी पांढरी पडलीय, तर दवाखाना उघडायची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत न्यायचं.

आमच्याकडे स्वयंपाकघरात दाराच्या मागे कालनिर्णय लटकवलेलं असतं, दूध, गॅस सिलेंडर, कामवालीच्या दांड्या सगळं त्यावरच लिहिलेलं. त्यावरच लेकीने आपल्या खुणा सुरू केल्या. पाळी चालू त्या दिवशी लाल पेनने टिंब, शेजारी पॅड किती लागले तो आकडा, गाठी पडल्या तर फुली. पहिल्यांदा तिला संकोच वाटला, बाबा बघतील, काका आले तर बघतील. तिचे बाबाच म्हणाले की अगं सिलेंडर कधी आला ते लिहिलेलं चालतं मग हे का नाही. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा आम्ही कालनिर्णयची पानं फाडूनच नेली होती, आणि "खूप जातं हो" असं सांगणं आणि ती पानं समोर ठेवणं यात किती फरक पडतो ते मी बघितलंय. डॉक्टर पेन घेऊन आकडे वाचायला लागले.

त्याआधी एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथे पोटावरून सोनोग्राफी केली आणि दोन मिनिटांत पीसीओडी आहे म्हणून सांगितलं, वजन कमी करा, बाहेरचं खाऊ नका, झालं. पोरगी त्या रात्री जेवली नाही, मला मूल होणार नाही का म्हणून रडत बसली, कारण तेवढ्या वेळात तिने मोबाईलवर सगळं वाचून काढलं होतं. नंतरच्या डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं की या वयात बीजकोशात बारीक बारीक पुटकुळ्यांसारखं खूप दिसणं नॉर्मल असू शकतं. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफी बघून पीसीओएस, म्हणजे ज्याला आपण पीसीओडी म्हणतो ते, ठरवू नये असं २०१८ च्या आणि परत २०२३ च्या आंतरराष्ट्रीय गाईडलाईनमध्ये स्पष्ट म्हटलंय. पाळीची अनियमितता आणि त्यासोबत अँड्रोजेन हे पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा, म्हणजे चेहऱ्यावर जास्त केस, खूप पिंपल्स किंवा रक्तातला वाढलेला रिपोर्ट, हे दोन्ही असेल तर पुढचा विचार. इतक्या लहान वयात मुलीच्या कपाळावर असा शिक्का मारताना जरा थांबायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं.

या डॉक्टरबाईंनी विचारलेले प्रश्नच वेगळे होते. हिचा घोळणा फुटतो का? दात काढला तेव्हा रक्त लवकर थांबलं का? कुठे धडकलं नाही तरी अंगावर काळंनिळं पडतं का? आईला, मावशीला, आत्याला बाळंतपणात जास्त रक्त गेलं होतं का? आणि एक प्रश्न तर मला कळलाच नाही, बर्फ खाते का, पाटीवरची पेन्सिल खाते का. आमची लेक फ्रीजमधल्या ट्रेमधला बर्फ कडाकडा चावून खायची, आम्ही दात खराब होतील म्हणून ओरडायचो. ते शरीरातलं लोह कमी झाल्याचं लक्षण असू शकतं असं त्यांनी सांगितलं. रिपोर्ट आला, एचबी म्हणजे हिमोग्लोबिन साडेआठ. या वयात १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात.

रक्त न गोठण्याबद्दलचे प्रश्न का विचारतात तेही सगळ्यांना कळायला हवं. फॉन विलेब्रांड नावाचा एक आजार असतो, रक्त गोठवायला लागणारं एक प्रोटीन कमी असतं किंवा नीट काम करत नाही. घराण्यातून येतो, बरेचदा सौम्य असतो, त्यामुळे मुलीला पाळी येईपर्यंत कुणाला पत्ताच नसतो. फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रांड या डॉक्टरांनी १९२६ साली तो पहिल्यांदा लिहून ठेवला, आलंड बेटांवरच्या एका घरातल्या मुलीवरून. ती पाच वर्षांची असताना त्यांनी तिला तपासलं होतं, आणि पुढे ती पोर आपल्या चौथ्या पाळीत रक्त जाऊन गेली. हे ऐकल्यापासून "होतंच असं" हे शब्द मला ऐकवत नाहीत. आमच्या लेकीच्या गोठण्याच्या टेस्ट नॉर्मल आल्या, थायरॉईडही नॉर्मल आलं, पण पहिल्या पाळीपासूनच खूप जात असेल तर या टेस्टबद्दल विचारायलाच हवं. आणि तोपर्यंत पोटात दुखतंय म्हणून मनाने ॲस्पिरिन तर अजिबात द्यायची नाही, त्याने रक्त अजून जातं, दुसरी पेनकिलरसुद्धा विचारूनच.

लोहाबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथे घरोघरी गोंधळ आहे. बीट खा, लाल असतं म्हणून रक्त वाढतं, असं सगळे सांगतात, पण बीटात लोह तसं थोडंच असतं. अळीव, राजगिरा, कडधान्यं, पालेभाज्या, खात असाल तर मटण-कलेजी हे सगळं चांगलंच, पण एचबी साडेआठ झाल्यावर नुसत्या लाडवांनी भागत नाही, गोळी लागतेच. शाळेत आठवड्याला लोहाची एक निळी गोळी देतात ती ॲनिमिया होऊ नये म्हणून असते, झालेला ॲनिमिया भरून काढायला डॉक्टर वेगळा डोस देतात. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यायची, तिच्या मागेपुढे तास-दोन तास चहा नको, शी काळी होते त्याला घाबरायचं नाही. आणि एचबी वर आलं की लगेच बंद करायची नाही, साठा भरायला पुढे अजून साधारण तीन महिने चालू ठेवावी लागते. अंगातला लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची टेस्ट त्यासाठीच, ते १५ च्या खाली म्हणजे साठा संपलेला, एचबी अजून बरं दिसत असलं तरी. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना ॲनिमिया निघालाय. यातल्या किती जणींना कुणी पाळीत किती जातं हे विचारलं असेल?

औषधं म्हणून आधी ट्रानेक्सॅमिक ॲसिड दिलं, त्यात हार्मोन नसतात, जास्त जाणाऱ्या दिवसांतच घ्यायचं, त्याने बराच फरक पडला. मग काही महिन्यांसाठी हार्मोनच्या गोळ्या, त्याच ज्या गर्भनिरोधक म्हणून मिळतात. त्यावरून घरात मोठी चर्चा झाली, चौदा वर्षांच्या मुलीला असल्या गोळ्या? मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचून माझ्याकडे बघितलं आणि न मागता कागदात गुंडाळून दिल्या. पण इथे त्या अस्तर आवरायला आणि पाळीला वेळापत्रक लावायला असतात, त्याने पुढे मूल होण्यात अडचण येत नाही. घरात कुणाला रक्ताच्या गुठळीचा त्रास आहे का, मुलीला अर्धशिशी आहे का, हे मात्र आधी सांगायचं. याउलट गौरी-गणपतीला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपण बिनधास्त आणतो, कुणालाही न विचारता. त्या बंद केल्या की दोन-तीन दिवसांत रक्त जायला लागतं, आणि जिला आधीच खूप जातं तिचं त्या महिन्याचं सगळंच बिघडतं. लेकीला यावर्षी मी दिल्या नाहीत आणि ती नैवेद्याची ताटं वाढायला सगळ्यांबरोबर होती.

शाळेबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. जास्त जाणाऱ्या मुलीला तासाला उठावं लागतं आणि परवानगी मिळत नाही, मग ती दोन पॅड एकावर एक लावते, आतून काळी लेगिंग घालते, पाणी प्यायचं टाळते आणि मधल्या सुट्टीपर्यंत बाकावर हलत नाही. २०२५ च्या जुलैत शहापूरला काय झालं ते सगळ्यांनी वाचलंय, बाथरूममध्ये रक्ताचे डाग दिसले म्हणून शाळेत मुलींना कपडे उतरवून तपासलं, अटक झाली. तितकं टोकाचं सगळीकडे होत नाही, पण डाग पडला म्हणून आख्ख्या वर्गासमोर बोलणं हे होतं. आमच्या लेकीच्या वर्गशिक्षिकांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली तेव्हा त्यांनी लगेच मान्य केलं की हिने न विचारता उठून जायचं. चिठ्ठी नसलेल्या मुलींनाही तेवढं मिळायला काय हरकत आहे?

आणि हे लहानपणी निस्तरलं नाही तर पुढे काय होतं तेही आपल्याच राज्यात दिसलंय. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीने बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी केली, ८२ हजारांच्या वर बायका, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली. त्याची कारणं खूप आहेत, फडावरचं काम, मुकादमाची उचल, दंड, पण अंगावरून जातंय या तक्रारीवर गोळी-औषधाच्या आधीच ऑपरेशन सांगितलं जाणं हे त्यातलं एक आहेच.

माझी विनंती एवढीच की तुमच्या पुरवणीत वरचे आकडे एका चौकटीत छापा, आयांना कापून फ्रीजवर चिकटवता येईल असे, आणि सोबत हेही लिहा की सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे पैसे लागत नाहीत, मुलीला एकटीला बोलता येतं. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी बायकांना ते माहीतच नाही.

आपली नम्र,
नववीतल्या मुलीची आई, कराड