ठिबकतंय ते ठिबकू द्या

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "गीझरच्या त्या गळक्या व्हॉल्व्हला बूच मारून टाकतो." मी नुसतं "नको" म्हटलं, कारण फोनवर समजवायला गेलं की आपलं वाजतं. लिहिलेलं मात्र तुम्ही शांतपणे वाचता, चुका काढायला का होईना. म्हणून हे पत्र.

गीझरच्या खालचा तो सेफ्टी व्हॉल्व्ह गळण्यासाठीच बसवलेला असतो. पाणी तापलं की फुगतं. आपल्या १५ लिटरच्या टाकीतलं पाणी २० अंशांवरून ६० वर गेलं की पाव लिटरच्या आसपास वाढतं. थंड पाणी जिथून आत येतं तिथे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी नॉन-रिटर्न झडप असल्यामुळे त्याला मागे फिरता येत नाही, आणि गरम पाण्याचा नळ बंद असेल तर पुढेही जाता येत नाही. मग दाब चढतो आणि जास्तीचं पाणी व्हॉल्व्हमधून थेंबाथेंबाने बाहेर पडतं. आता समजा बूच मारलं आणि पुढे कधीतरी थर्मोस्टॅट चिकटला, म्हणजे हवं तेवढं तापमान झालं तरी वीज तुटलीच नाही, आणि नेमका कट-आउटही, म्हणजे पाणी फारच तापलं तर वीज तोडणारी दुसरी सोयही, बिघडलेला निघाला. दाबाखाली पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी पाणीच राहतं. टाकी फाटली की त्यातल्या काही पाण्याची एकदम वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या जवळजवळ सोळाशेपट जागा लागते. गीझर फुटून भिंती पडतात त्या अशाच. बूच आधीच मारून झालं असेल, तर ते काढेपर्यंत गीझर लावू नका. आई, हे तुझ्यावर सोपवते.

मात्र सगळंच ठिबकणं चांगलं नाही. गीझर चालू असताना थेंब पडतात आणि बंद केल्यावर थोड्या वेळाने थांबतात, इथपर्यंत ठीक. दिवसभर बंद असूनही गळत असेल किंवा धारच लागली असेल, तर व्हॉल्व्हच्या आत कचरा तरी अडकलाय, नाहीतर वरून येणाऱ्या पाण्याचा दाबच जास्त आहे. तेव्हा व्हॉल्व्ह बदलायचा, बंद करायचा नाही. थेंबांनी फरशी निसरडी होते ही आईची तक्रार अगदी खरी आहे. त्याला उपाय साधा: व्हॉल्व्हच्या तोंडाला छोटी नळी लावून ती खाली जाळीपर्यंत आणा. नळीला सतत उतार हवा आणि तिचं टोक उघडं, दिसेल असं हवं.

खरं तर गीझरच्या ज्या ज्या गोष्टींनी तुमची चिडचिड होते, त्यातल्या बहुतेक मुद्दाम तशा केलेल्या असतात. आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की ती तोडणारा स्विच, पडतो, ही त्यातली दुसरी. बाबा, तुमचं म्हणणं असं की एमसीबी आहे ना, मग हे दुसरं खूळ कशाला. एमसीबी जास्त करंट गेला की पडतो; तो तारा वाचवतो, माणूस नाही. १६ ॲम्पियरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलिॲम्पियर. ओल्या अंगातून त्याच्या शेकडोपट कमी करंट गेला तरी जीव जाऊ शकतो, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी ३० मिलिॲम्पियरची गळती झाली की सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. गीझर लावला की तो पडत असेल, तर बहुधा पाणी तापवणारी आतली कॉइल चिरलेली आहे आणि वीज पाण्यात उतरते आहे. पुन्हा पुन्हा वर करून बघायचं नाही, आणि तो काढून थेट जोडणी तर मुळीच करायची नाही. त्याच्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर पडला नाही तर तो शोभेचा आहे, बदला. तसंच एमसीबी सारखा पडतो म्हणून त्या जागी मोठ्या आकड्याचा बसवायचा नाही. मग तो पडत नाही, भिंतीतली तार तापत राहते.

नळाला हात लावल्यावर कधी मुंग्या आल्यासारखं झालं, तर चप्पल घालून आंघोळ उरकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. एमसीबी खाली करायचा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. अर्थिंग नुसतं तीन पिनांचा प्लग दिसला म्हणून असतं असं नाही. मोठ्या पिनेच्या भोकातली तार मागे कशालाच जोडलेली नाही, असंही पुष्कळ ठिकाणी निघतं. ते मोजून घ्यावं लागतं, आणि बाबा, तुमच्या खिशातल्या टेस्टरने ते कळत नाही.

लाल दिव्यावरही विसंबू नका. पाणी तापलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो आणि दिवा विझतो, पण प्लगपासून गीझरपर्यंत वीज आलेलीच असते. दिवा विझला म्हणजे गीझर बंद झाला, असं नाही. पूर्ण तापवा, बटण बंद करा, मगच आत जा. २ किलोवॅटच्या आपल्या गीझरला २० अंशांवरून ६० वर जायला वीसेक मिनिटं लागतात, म्हणजे रात्रभर चालू ठेवण्याचं काहीच कारण नाही.

आता आई, तुझ्याकडे येते. गुडघ्यांना कडकडीत पाणी लागतं म्हणून तू खालची चकती पार शेवटपर्यंत फिरवून ठेवतेस. ती ६० वर आण. ६० अंशांच्या पाण्यानेसुद्धा पाचेक सेकंदांत खोल भाजतं, आणि वयाबरोबर कातडी पातळ होते तशी ही वेळ आणखी कमी होते. ५० अंशांना तेच व्हायला मिनिटं लागतात, म्हणजे हात काढायला उसंत मिळते. बादलीत आधी गार पाणी सोड, मग गरम. मग चकती थेट ४० वरच का ठेवू नये, असं बाबा विचारतील. कारण टाकीत साठलेलं कोमट पाणी लिजिओनेला नावाच्या जंतूंना मानवतं. त्या पाण्याचे बारीक तुषार श्वासातून आत गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो, आणि तो वयस्कर माणसांना जड जातो. ६० अंशांना ते टिकत नाहीत. हिशेबाने १५ लिटर ६० अंशांच्या पाण्यात २५ अंशांचं गार पाणी मिसळलं तर ४० अंशांचं ३५ लिटर होतं, तेव्हा कमी पडणार नाही.

चकती खाली आणल्याने क्षारही कमी धरतात. ते तापलेल्या पाण्यातून सुटतात आणि सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवरच बसतात. कॉइलला गोधडी पांघरल्यासारखं होतं: उष्णता बाहेर पडत नाही, ती आतल्या आत तापते, बिल वाढतं आणि एक दिवस चिरते. गीझर तापताना खडखड किंवा फसफस आवाज येतो म्हणालात, तो बहुधा त्याचाच. हे घरी उघडायचं काम नाही. वर्षातून एकदा माणूस बोलवा, टाकी रिकामी करून कॉइल साफ करायला सांगा, पण आतून पटाशी-स्क्रूड्रायव्हरने खरवडू देऊ नका, टाकीचा आतला लेप निघतो. मॅग्नेशियमचा रॉडही त्याला दाखवायला सांगा. लोखंडाच्या आधी तो गंजतो, म्हणून टाकी टिकते. झिजून नुसती आतली तार उरली असेल तर बदलायचा. हा रॉड म्हणजे गीझरमधली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. टाकी गळायला लागेपर्यंत तो आत आहे हेच कोणाला माहीत नसतं. आणि टाकी पुन्हा भरून गरम नळातून सलग पाणी येऊ लागल्याशिवाय त्याला बटण लावू देऊ नका. कोरडी कॉइल लगेच जळते.

प्लगचं थोडक्यात: १६ ॲम्पियरचा सॉकेट, मध्ये एक्स्टेंशन नाही. पाणी तापल्यावर बटण बंद करून प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल. चटका बसला, कडा तपकिरी दिसली किंवा जळका वास आला, तर आत जोड सैल आहे.

आणि कट-आउट. गीझर एकाएकी थंड पडला आणि कोणी झाकण काढून आतलं बारीक बटण दाबून "झालं चालू" म्हणाला, तर एकदा ऐका. पुन्हा तसंच झालं तर थर्मोस्टॅट बदलायला लावा. कट-आउट वायरने बायपास करून देणारेही भेटतात, त्यांना चहा पाजून परत पाठवा.

वीज गेली-आली, गीझर बिघडला, तरी माळ्यावरची ती बादलीत टाकायची रॉड खाली काढू नका. ती चालू असताना पाण्यात बोट घालून बघायची बाबांची सवय मला अजून आठवते. ती मोडीत द्या. दोन दिवस गॅसवर पाणी तापवलंत तरी चालेल.

माणूस यायचा ठरला की मला कळवा, मी व्हिडिओ कॉलवर थांबेन. बाबा, त्याला काम करू द्या. त्याआधी गीझरच्या अंगावरच्या लेबलचा फोटो पाठवा, वॉट आणि दाबाचा आकडा वाचता येईल असा जवळून. व्हॉल्व्ह तेवढ्याच दाबाचा घ्यावा लागेल, तो मी इकडून मागवते.

तुमची,
लेक