बाकावरची वाळूची पिशवी उचलून नेणाऱ्या सरांना अनावृत पत्र

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

गेल्या रविवारी बसून, १०० मीटरवरच्या कागदी लक्ष्यावर रायफलीने झाडलेल्या दहाही गोळ्यांच्या खुणा प्रथमच माझ्या तळहाताखाली झाकल्या गेल्या. तो कागद तुम्हांला दाखवावा असे फार वाटले, पण तुम्ही त्या दिवशी रेंजवर नव्हता. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि ते उघडपणे लिहीत आहे, कारण मी ज्या समजुतीत दोन वर्षे घालवली त्या समजुतीत असलेले नेमबाज मला अजूनही आजूबाजूला दिसतात.

त्या दोन वर्षांत मी बाकावर बसून, रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून सराव करीत असे. ग्रुप, म्हणजे लागोपाठ झाडलेल्या गोळ्यांच्या खुणांचा पसारा, ३ सेंटिमीटरच्या आसपास येत असे. कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक मिनिट, १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर भरतो; माझा ग्रुप जवळपास तेवढाच होता, आणि या हिशेबावर मी स्वतःला चांगली नेमबाज समजत होते. मग एका सकाळी तुम्ही माझी परवानगी विचारून पिशव्या उचलून बाजूला ठेवल्या आणि मला उभ्याने दहा गोळ्या झाडायला सांगितल्या. त्यांपैकी चार कागदालासुद्धा लागल्या नाहीत. तुम्ही हसला नाहीत, धीरही दिला नाहीत. वहीत आकडा लिहून घेतलात आणि म्हणालात, "आधीचा आकडा रायफलीचा होता, हा तुमचा." त्या एका वाक्याबद्दल मी तुमची ऋणी आहे.

त्यानंतर तुम्ही जे शिकवले त्यात सर्वांत मोलाचा मला नैसर्गिक नेमबिंदू वाटतो. बैठक, म्हणजे नेम धरण्याची शरीराची ठेवण, घ्यावी, डोळे मिटावेत, दोन-तीन श्वास सोडून अंग सैल करावे आणि मग डोळे उघडून माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरण्याची खूण, कुठे उभी आहे ते पाहावे. ती लक्ष्याच्या डावीकडे असेल तर हातांनी रायफल उजवीकडे ढकलायची नाही, तर सबंध शरीर हलवायचे: पालथे झोपलो असू तर डावी कोपर जागेवर ठेवून कंबर आणि पाय सरकवायचे, उभे असू तर पावलांची जागा बदलायची. स्नायूंनी ओढून आणलेला नेम चाप दाबण्याच्या क्षणी स्नायू ढिले पडताच मूळ जागी परततो, हे मी वाचलेले होते. पण तुम्ही माझ्या खांद्यावर दोन बोटे ठेवून "इथे जोर लागतो आहे" असे दाखवलेत तेव्हाच ते मला खरोखर कळले. भरकटलेली गोळी आणि आखडलेला खांदा यांचा संबंध मी स्वतःहून कधीच लावला नसता.

बैठकींचे तपशीलही तुम्ही असेच हात धरून बसवलेत. बसून नेम धरताना कोपराचे टोक गुडघ्याच्या वाटीवर ठेवले तर हाडावर हाड घसरते, म्हणून दंडाचा मागचा मऊ भाग गुडघ्यापुढे टेकवायचा. गुडघ्यावर बसताना डावी नडगी शक्य तितकी उभी ठेवायची आणि वजन उजव्या टाचेवर सोडायचे. मोकळ्या रानात उंच गवतामुळे पालथे झोपून लक्ष्यच दिसत नाही आणि उतारावर बसण्याइतकी सोयीची बैठक दुसरी नसते, हेही मला तुमच्याबरोबर चालताना उमगले. रायफल स्थिर धरण्यासाठी तिला जोडून दंडावर आवळलेल्या पट्ट्यातून नाडीचे ठोके माशीपर्यंत पोहोचतात. पट्टा थोडा वर सरकवला की माशीवर ते कमी जाणवतात. माझ्यासाठी ही गोष्ट चमत्काराहून कमी नव्हती.

उभ्याने नेम धरताना माशी डुलणारच, हे मान्य करायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. ती काळ्या वर्तुळावरून जाताना मी झटकन चाप ओढत असे आणि गोळी खाली-उजवीकडे जात असे. तुम्ही माझ्या नकळत जिवंत काडतुसांत नकली काडतुसे मिसळलीत, आणि स्फोट न होताही नळीने खाली मारलेली डुबकी मला माझ्याच डोळ्यांनी पाहायला लावलीत. श्वास सोडल्यानंतरच्या स्वाभाविक विरामात, डुलणे लहान होत असताना, चापावरचा दाब वाढवत राहायचे. ८-१० सेकंदांत गोळी सुटली नाही तर नेम सोडून पुन्हा श्वास घ्यायचा. हा नेम सोडण्याचा संयम मला आजही दर वेळी जमत नाही.

घरच्या कोरड्या, म्हणजे गोळी न झाडता करायच्या, सरावाची शिस्तही तुमचीच. काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात, चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासलेले, नळी भक्कम भिंतीकडे, आणि .२२ रिमफायर रायफलीत (जिथे आघात काडतुसाच्या कडेवर होतो) आघात करणारी फायरिंग पिन रिकाम्या चेंबरच्या कडेवर आदळून ती कड किंवा पिन खराब होऊ नये म्हणून नकली काडतूस घालायचे. रोजच्या पंधरा मिनिटांनी मला जे दिले ते महिन्याच्या शंभर गोळ्यांनी दिले नव्हते.

मी एकदा निराश होऊन उभ्याने सराव सोडण्याचे बोलले, तेव्हा तुम्ही बायथलॉनचे, म्हणजे स्कीइंग आणि नेमबाजी एकत्र असलेल्या खेळाचे, उदाहरण दिलेत. ५० मीटरवर पालथे झोपून मारायचे लक्ष्य ४५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि उभ्याने मारायचे ११५ मिलिमीटरचे. बर्फावरून स्कीवर धावत आलेल्या जगातल्या उत्तम नेमबाजांनाही ही सवलत द्यावी लागते, हे ऐकल्यावर माझा आकडा मला लाजिरवाणा वाटेनासा झाला. त्या दिवसापासून कोणत्या बैठकीत किती अंतरापर्यंत गोळी झाडायची ते माझ्या वहीत वेगवेगळे लिहिलेले आहे. उभ्याने मी ५० मीटरपुढच्या लक्ष्यावर चाप दाबत नाही. वेळ असेल तर खाली बसते.

तुम्ही वापरायला दिलेला चामडी पट्टा अजून माझ्याकडेच आहे. त्याच्या तिसऱ्या भोकाशी मी खडूने खूण केली आहे, कारण माझ्या दंडाला तेच बसते. नवीन पट्ट्यावर ती खूण उतरवून घेतली की तुमचा पट्टा आणि रविवारचा तो कागद घेऊन मी स्वतः भेटायला येईन.

आपली कृतज्ञ शिष्या