आधी काम उभे करा, मग बॅग भरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले महिनाभर राजारामपुरीपासून सायबर चौकापर्यंत विजेच्या खांबांवर एकच जाहिरात दिसते आहे. समुद्रकिनारी खुर्ची, मांडीवर लॅपटॉप आणि खाली ओळ : 'जग फिरत कमवा, तीस दिवसांत शिका.' माझ्या आतेभावाने अशाच एका क्लासला पस्तीस हजार रुपये भरले. हाती आले ते बत्तीस व्हिडिओ आणि एक प्रमाणपत्र. तो बी.कॉम. आहे, टॅलीवर हात बसलेला आहे, जीएसटीची विवरणपत्रे भरतो. हे काम जगातल्या कुठल्याही खोलीत बसून करता येते. पण त्या महिनाभरात 'बाबा, तुला येते काय?' एवढे त्याला कोणी विचारले नाही. त्याचे पैसे गेले, त्याहून त्याचा धीर गेला, याचे मला फार वाईट वाटते.

मी स्वतः असे काम करतो, म्हणून चार शब्द लिहावेसे वाटले. आमचे घर उद्यमनगरातले. वडिलांचे, म्हणजे आण्णांचे, पॅटर्नचे (ओतकामासाठी लागणाऱ्या नमुन्यांचे) दुकान होते. शिरोली एमआयडीसीत काही वर्षे नोकरी केल्यानंतर 2022 पासून मी घरून आणि बाहेरगावाहून कास्टिंगची, म्हणजे धातू ओतून केलेल्या भागांची, थ्रीडी मॉडेल आणि ड्रॉइंग करून देतो. एक गिऱ्हाईक कोइमतूरचे, एक जर्मनीतले. वर्षातले चार-पाच महिने म्हैसूर, गोकर्ण, धरमशाला अशा ठिकाणी महिना-दीड महिना राहून काम करतो. याला हल्ली डिजिटल नोमॅड म्हणतात. शब्द नवा असला तरी दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाट उतरणारा आपला मेंढपाळ कधीपासून तेच करतो आहे. त्याचे काम त्याच्याबरोबर चालते, म्हणून तो चालू शकतो.

नोकरी सोडतो म्हणून मी घरी सांगितले, तेव्हा आण्णा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "काम हाय का तुझ्याकडं? का नुसतं जायाचं ठरवलंयस?" तेव्हा काम नव्हते. त्यांनी मला नोकरी सोडू दिली नाही. पुढचे चौदा महिने मी दिवसा कंपनीत आणि रात्री बाहेरची ड्रॉइंग, असे केले. पहिले गिऱ्हाईक इथल्याच एका फाउंड्रीवाल्याच्या ओळखीतून मिळाले. दुसरे पहिल्याच्या शब्दावर. जगभर काम शोधण्याच्या वेबसाइट आहेत, त्यांवरही मी खाते उघडले, पण सुरुवातीचा भरवसा बसला तो ओळखीच्या माणसांमुळे. आपल्याकडच्या तरुण मुलांना मी हेच सांगतो : गोकुळ शिरगावातल्या कारखान्याचे काम घरी बसून वेळेवर देता येत नसेल, तर हॅम्बुर्गचे गोकर्णात बसून कसे देणार?

त्याच काळात आण्णांनी त्यांची जुनी पट्टी माझ्या हातात दिली. पॅटर्नमेकरची पट्टी दिसायला साध्या फूटपट्टीसारखी, पण तिचा प्रत्येक इंच किंचित मोठा असतो. वितळलेले बीड (ओतीव लोखंड) थंड होताना शंभराला सुमारे एक एवढे आकसते, पोलाद जवळपास दोन. तेवढा अलाउन्स (वाढीव माप) पॅटर्नमध्ये आधीच सोडला नाही, तर कास्टिंग लहान येते. "पैशाचाबी तसाच हिशेब धर," ते म्हणाले. पहिल्या परदेशी बिलालाच याचा अर्थ कळला. पंचेचाळीस दिवसांनी पैसे आले, तेही बँकेचे शुल्क आणि विनिमय दरातला फरक कापून. तेव्हापासून चार महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात ठेवतो, आणि तो पुरा भरलेला नसेल तर गाव सोडत नाही.

आता माझी फजिती सांगतो. बाहेर राहून काम करण्याची पहिली चाचणी मी जुलैत गगनबावड्याला घेतली. धुके, हिरवे डोंगर, स्वस्त खोली. महिन्याचे भाडे आगाऊ दिले. चौथ्या दिवशी पाऊस लागला आणि वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी दोन तास पुरली. जर्मनीतले सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे साडेबारा, आणि त्याआधी 180 एमबीची फाइल पोहोचायला हवी होती. मोबाइलचे नेटवर्क एक रेघ दाखवी, पुन्हा जाई. ब्याण्णव टक्क्यांवर अपलोड तुटले. दुसऱ्यांदा सत्तर टक्क्यांवर. शेवटी लॅपटॉप प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, छातीशी बांधून, रेनकोट वर घालून मोटारसायकलने पंचावन्न किलोमीटर कोल्हापूर गाठले. फाइल चार तास उशिरा गेली. त्या गिऱ्हाइकाने नंतर काम दिले नाही (आताचे जर्मनीतले गिऱ्हाईक दुसरे), आणि त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही.

तरी बरे, हे गगनबावड्याला झाले. दीड-दोन तासांत घरी परत येता आले. म्हणून पहिला महिना एसटीच्या अंतरावरच काढावा, पन्हाळा, आजरा, राधानगरी, कुठेही. आणि तो पावसाळ्यात नको. आता मी खोली घेण्याआधी मालकाला इंटरनेटच्या वेगाचा फोटो पाठवायला सांगतो, तोही रात्री आठचा, कारण तेव्हा सगळे गाव नेटवर असते. त्यात डाउनलोडपेक्षा अपलोडचा आकडा बघतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम जवळ असतात. इन्व्हर्टर आहे का, जेवणाच्या टेबलाच्या उंचीचे टेबल आणि पाठीची खुर्ची आहे का, हेही विचारतो. पलंगावर बसून आठ तास ड्रॉइंग केले की आठवड्यात मान धरते. एका गावात महिन्यापेक्षा कमी राहिलो तर काम होत नाही आणि गावही कळत नाही.

नोकरीत राहून असे फिरायचे असेल, तर कंपनीची परवानगी लेखी घ्यावी. अनेक कंपन्या घरून काम करू देतात, पण दुसऱ्या देशातून लॉगिन करू देत नाहीत. स्वतंत्र काम करणाऱ्याने प्रत्येक परदेशी रकमेचा बँकेचा दाखला जपावा. आर्थिक वर्षात 182 दिवस किंवा जास्त भारतात राहिलात, तर जगात कुठेही कमावलेल्या पैशावर इथे प्राप्तिकर लागतो. सेवांची वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. हे सगळे एकदा शांतपणे सीएकडे बसून समजून घ्यावे. त्याची फी त्या पस्तीस हजारांपुढे काहीच नाही.

परदेशाचे मात्र मुलांना नीट सांगायला हवे. पर्यटक व्हिसावर काम करण्याची मुभा सहसा नसते. म्हणूनच काही देशांनी वेगळे व्हिसा काढले. इस्टोनियाने 2020 मध्ये काढला. थायलंडचा 2024 मध्ये सुरू झाला, तो पाच वर्षांचा असून एका वेळी 180 दिवस राहता येते, पण खात्यात पाच लाख बाट दाखवावे लागतात, म्हणजे आपले बारा लाखांच्या वरच. मी अजून देशाबाहेर गेलो नाही. तेवढी रक्कम उभी करतो आहे. सिक्कीमने 2025 मध्ये याकतेन नावाच्या गावात असे काम करणाऱ्यांसाठी घरगुती राहण्याची आणि इंटरनेटची सोय केली, तिकडे आधी जाईन.

घरच्यांविषयी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. 2024 च्या जुलैत मी म्हैसूरला होतो आणि पंचगंगेने 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. आमच्या घराला पाण्याचा धोका नव्हता, पण आण्णा एकटे होते. लॅपटॉपच्या एका खिडकीत पंपाच्या केसिंगचे ड्रॉइंग आणि दुसरीत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी, असे मी दोन दिवस काम केले. फोन केला की ते म्हणायचे, "मी बरा हाय, तू काम कर." शेजारच्या वहिनी त्यांना दोन वेळचा डबा देत होत्या. त्यानंतर जुलै-ऑगस्ट मी कोल्हापूर सोडत नाही. कुठूनही काम करता येते, यात घरूनही करता येते हे आलेच, आणि माझ्यासाठी ते फार मोलाचे आहे.

सर्वांत काळजीची बाब शेवटी लिहितो. 'फिरत काम' या नावाखाली मुलांना बँकॉकचे तिकीट देऊन बोलावणारे लोक आहेत. तिथून त्यांना म्यानमारच्या हद्दीत नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपले जाते, पासपोर्ट काढून घेतले जातात. 2025 च्या मार्चमध्ये भारत सरकारने वायुदलाची विमाने पाठवून अशा पाचशेहून अधिक भारतीयांना थायलंडमार्गे परत आणले. यातली खूण सोपी आहे. खरोखर फिरत काम करणाऱ्याचे काम त्याच्या लॅपटॉपमध्ये आधीच असते. ते मिळवायला कुठल्या देशात जावे लागत नाही, आणि त्यासाठी एजंट लागत नाही. जो म्हणतो 'या, काम इथे आल्यावर देतो', तो परदेशातली नोकरी लावून देतो आहे, आणि त्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो. तो खरा की खोटा हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते.

म्हणून संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती आहे. छोट्या जाहिरातींच्या पानावर परदेशी कामाच्या जाहिराती येतात. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांचा क्रमांक जाहिरातीतच छापावा, आणि जे तो देत नाहीत त्यांची जाहिरात घेऊ नये. आमच्या गल्लीतल्या तालमीत बसणारी मुले सकाळी पहिल्यांदा तेच पान उघडतात.

आपला नियमित वाचक,
उद्यमनगर, कोल्हापूर