आरे-वारेच्या वळणावर थांबलेल्या चिऱ्याच्या ट्रकवाल्या दादांना

दादा, स. न. वि. वि.

तुमचं नाव लिहू का म्हणून फोनवर विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "नाव कशाला? मी काय केलं एवढं?" म्हणून नाव नाही, तुम्ही काय केलंत तेवढंच लिहिते.

गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे येताना आरे-वारेचा चढ लागतो. तिथून समुद्र असा दिसतो की समोरून येणाऱ्याची नजर रस्त्यावर असेलच असं नाही. त्यात मृगाचा पहिला पाऊस आणि डांबरावर वाहून आलेली तांबडी माती. पर्यटकांची एक मोठी गाडी वळणावर सरळ आमच्या बाजूला आली आणि आमच्या गाडीचा पुढचा उजवा कोपरा चेपून थांबली. दोन मिनिटांत माझा नवरा आणि तो चालक एकमेकांच्या कॉलरपर्यंत पोचले होते.

तुम्ही ट्रक मागे उभा केलात, चारी इंडिकेटर लावलेत आणि त्या भांडणाकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. "कोनाला लागलं नाय ना? गाडीचं मागाहून बघू." सासूबाई म्हणाल्या, मला काही झालेलं नाही. तुम्ही त्यांना सावकाश मान वळवायला लावलीत आणि म्हणालात, "आजी, आता नाय कळायचं. रात्री मान धरेल. दाखवून घ्याच." रात्री खरंच मान धरली. पण तोवर आम्ही आरोग्य केंद्रातून गोळ्या आणि केसपेपर दोन्ही घेऊन आलो होतो. तो कागद पुढे किती कामाचा असतो, हे तेव्हा आमच्या डोक्यातही नव्हतं.

तेवढ्यात तुमच्या क्लीनरने कोयत्याने टहाळ तोडून वळणाच्या अलीकडे रस्त्यावर टाकले होते. नवरा गाडी कडेला घ्यायला निघाला, तर तुम्ही हात धरलात. आधी फोटो. नुसत्या चेपलेल्या पत्र्याचे नाहीत. दोन्ही गाड्या, मधला पट्टा, वळण आणि नंबरप्लेट एका चौकटीत येतील असे, लांबून. मग त्या चालकाचं लायसन्स, आरसी आणि विम्याचा कागद. त्याने मोबाईलमध्ये डिजिलॉकर उघडून दाखवलं, तेही चालतं म्हणालात. एवढं झाल्यावरच गाडी कडेला, तीही ढकलत. कारण बोनेटखालून काहीतरी ठिबकत होतं. नवऱ्याला वाटलं एसीचं पाणी. तुम्ही उकिडवे बसून ते बोटांवर घेतलंत, चोळलंत आणि बोट आम्हाला दाखवलंत: हिरवट, चिकट. "एसीचं पानी असं नसतं. कूलंट हाय. चालू केलीत तर इंजिनाचं हेड जाईल."

समोरचा चालक दोन हजार काढून मोकळा व्हायला बघत होता. आम्हीही घेतले असते, कारण वरवर पाहता बंपर आणि दिवाच गेला होता. तुम्ही एवढंच विचारलंत, "गॅरेजवाला उद्या रेडिएटर सांगेल, तवा ह्याला खंय शोधनार?" रेडिएटरच निघाला. विमा कंपनीला तिथूनच फोन करायला लावलात आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत पान्याला हात लावू देऊ नका म्हणून बजावलंत. क्लेम करायचा की नाही, हे गॅरेजवाल्याचा आकडा बघून ठरवा, हाही सल्ला तुमचाच. बिनक्लेमच्या वर्षांसाठी विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जाते; नुसत्या ओरखड्यासाठी ती घालवणं परवडत नाही. आमचा आकडा मोठा होता, म्हणून क्लेम केला.

आणि माणसाला लागलंय म्हटल्यावर पोलिसांना कळवायचं, मग ते किरकोळ का असेना. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे २४ तासांच्या आत. ११२ तुम्हीच लावलात. हवालदार आले तेव्हा ट्रकला वाट मोकळी होती, गुपचूप निघून जाता आलं असतं. तुम्ही पुढे होऊन म्हणालात, मी बघितलंय, माझा नंबर लिहून घ्या. कोर्टकचेरी मागे लागेल म्हणून आपल्याकडे भलेभले काच वर करून निघून जातात. मी नंतर मुद्दाम वाचलं. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १३४अ आलं, २०२० मध्ये त्याचे नियम झाले. मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही आणि तो आपखुशीने साक्षीदार झालाच, तर त्याच्या सोयीची वेळ आणि जागा बघावी लागते. तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही हसलात. "आसं काय, बरां झालं." म्हणजे ठाऊक नसतानाच नंबर दिला होतात.

टोइंगची गाडी आल्यावर तुमचा क्लीनर परत वळणापर्यंत गेला आणि सगळे टहाळ उचलून गडग्यापलीकडे टाकून आला. घाटात दगड लावून ते तसेच सोडून जाणारे आम्ही रग्गड पाहिलेत.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, चहाही आम्हालाच पाजलात. चिरे घेऊन आंबा घाटातून कोल्हापूरला तुमची फेरी असते म्हणालात. पुढच्या फेरीला आमच्याकडे जेवायला यायचं, क्लीनरला घेऊन. सासूबाईंचा निरोप आहे की आदल्या दिवशी फोन करा, म्हणजे तांबडा-पांढरा करता येईल. माळकरी असाल तर तेही आधीच सांगा.

तुमची,
कोल्हापूरची वहिनी