विषय : रात्रीच्या ड्रायव्हिंगचा पिवळा चष्मा आणि ‘गाडी मुलाला चालवू द्या’ हा तुमचा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल संध्याकाळी तुमच्या कस्टमर केअरला माझा चौथा फोन झाला. आता लेखी कळवतो.

चष्मा कोणता ते तुम्हाला माहीत आहे. नंबरच्या चष्म्यावरून घालायचा, पिवळ्या काचेचा, १४९९ रुपयांचा. खोक्यावर स्टीअरिंग धरलेला पांढऱ्या केसांचा हसरा गृहस्थ आहे. मी ६७ वर्षांचा आहे, केसही तसेच आहेत, म्हणून तर घेतला.

जानेवारीत सांगलीहून भाचीचं लग्न उरकून साताऱ्याला परत निघालो. गळिताचा हंगाम. आष्ट्याच्या पुढे समोरून एलईडीचा झोत टाकत एक मोठी गाडी आली. तुमचा चष्मा नाकावर होता. ती गाडी गेली आणि पुढे नुसता काळोख. शेजारून सौ. ओरडल्या, “अहो, ट्रॉली!” दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. ब्रेक दाबला तेव्हा लोंबणारं वाढं बॉनेटवर घासलं. चष्मा काढून मागच्या सीटवर फेकला आणि पेठ नाक्यापर्यंत साध्या चष्म्यावर आलो. त्यात जास्त दिसत होतं.

ट्रॉलीवाल्याची चूक होतीच, त्याबद्दल तुम्हाला बोलत नाही.

साताऱ्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवलं. मोतीबिंदूची सुरुवात आहे, समोरचा प्रकाश त्यामुळे डोळ्यात विखुरतो. शिवाय वयानुसार बाहुली अंधारात पूर्वीसारखी मोठी होत नाही. विशीतल्या माणसाच्या मानाने साठीतल्याच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, असं ते म्हणाले. त्यात पिवळी काच आणखी थोडा उजेड खाते. २०१९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी सिम्युलेटरवर तपासून पाहिलं आहे. हेडलाइटच्या झोतात रस्त्यावरचा माणूस दिसायला पिवळ्या काचेची काही मदत झाली नाही. ‘जामा ऑप्थॅल्मॉलॉजी’ या नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकात छापून आलंय. डॉक्टरांना माहीत आहे, मग कारखानदाराला माहीत नसेल असं मी धरत नाही. तिन्हीसांजेला घरी दिवा न लावता पाहिलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवरची बारीक तिथी साध्या चष्म्याने लागते, वरून तुमचा चढवला की लागत नाही.

आता कालचा फोन. सतरा मिनिटं संगीत ऐकवलंत. मग एक मुलगी आली.

“सर, प्रॉडक्ट दिवसा वापरून पाहिलं का?”

मी म्हटलं, बाई, नाव ‘नाइट ड्रायव्हिंग’ आहे.

“हो सर, पण दिवसा कसं वाटतं?”

दिवसा छान वाटतं, म्हटलं. सगळं हळदीत बुडवल्यासारखं.

“मग प्रॉडक्ट ओके आहे ना सर.” मग टायपिंगचा आवाज, आणि नंतर, “काका, तुमचं वय काय?” सांगितलं. ‘सर’चे ‘काका’ केव्हा झालो ते कळलंच नाही. “अहो काका, या वयात रात्री गाडी कशाला चालवता? मुलाला चालवू द्या ना.”

माझा मुलगा बंगळुरूला असतो. हे तिला का सांगावं लागावं? आणि सांगितलं तर म्हणाली, “मग ड्रायव्हर ठेवा.” १४९९ रुपयांच्या चष्म्यासोबत पगारी ड्रायव्हर! तीस वर्षं खंबाटकी चढलो-उतरलो आहे. लायसन्स गेल्या वर्षीच डॉक्टरांचा फॉर्म १-ए जोडून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतलंय. रात्री कधी चालवायची आणि कधी नाही, हे मी आणि माझे डॉक्टर ठरवू. तुमच्या खोक्यावरचा म्हातारा मग कुणाच्या मुलाची वाट बघत बसलाय?

पोरीवर राग नाही. तिला कागद दिलाय, ती वाचते.

परतीची मुदत सात दिवस म्हणे. सात दिवसांत मला रात्री बाहेर पडायचं कामच नव्हतं. उन्हाचा गॉगल तुमचाच आहे, आठ वर्षं टिकला, त्या विश्वासावरच हा घेतला. आता तो घालायलाही जीव धजत नाही.

आठ दिवसांत पूर्ण रक्कम परत करा आणि खोक्यावरचा ‘नाइट ड्रायव्हिंग’चा दावा काढा. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवतो आणि साताऱ्याच्या ग्राहक आयोगात अर्ज टाकतो. मी सेवानिवृत्त आहे. वेळ भरपूर आहे.

चष्मा डबी-खोक्यासह जपून ठेवलाय. न्यायला माणूस रात्री पाठवलात तरी चालेल. चष्मा काढलेला असल्यामुळे तो मला दिसेल.

एक ग्राहक, सातारा