आधी जुने ठाणे सावरा

संपादक महोदय,

ठाण्याच्या टोकाला घोडबंदर रस्त्यालगत टॉवर वाढत चालले, पण तिथल्या अनेक संकुलांत दूध आणायलाही गाडी काढावी लागते आणि उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लागतात. उलट जुन्या ठाण्यातल्या नौपाड्यात भाजी, दवाखाना, शाळा, वाचनालय सारे पायी अंतरावर. १८५३ मध्ये देशातली पहिली प्रवासी रेल्वे जिथे पोहोचली ते ठाणे स्थानकही! दाट वस्तीत जलवाहिन्या, बस, रस्ते यांचा दरडोई खर्च कमी येतो, शिवाय येऊरच्या जंगलावरचा ताण घटतो. म्हणून जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला प्राधान्य हवे. मात्र पदपथ मोकळे करूनच. आज ज्येष्ठांना वाहनांमधून वाट काढावी लागते, हे संतापजनक आहे. महापालिकेने आधी बस वाढवाव्यात, मगच शहराच्या टोकाला नव्या संकुलांना परवानगी द्यावी.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे