झिपलाइन किती लांब ते नको, थांबते कशी ते विचारा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की सोलापुरात दोन तऱ्हेच्या जाहिराती दिसू लागतात. काही मनाली-ऋषिकेशपासून थेट अलास्का-कॅनडापर्यंतच्या सहलींच्या असतात, त्यांत ‘जंगलाच्या शेंड्यांवरून झिपलाइन’ (उतरत्या तारेवर पुलीला लटकून घसरत जाणे) हमखास असते. काही आपल्याच आसपासच्या रिसॉर्टच्या आणि कृषी पर्यटन केंद्रांच्या. दोन्हींत दोनच आकडे ठळक छापतात, तार किती लांब आणि किती उंच. या आकड्यांवरून झिपलाइन सुरक्षित आहे की नाही हे मुळीच कळत नाही. माणूस पलीकडे थांबतो कसा आणि तारेच्या दोन्ही टोकांना कोण उभे आहे, हे कळले तरच काही कळले.

उत्तरेकडच्या जंगलातली चांगली फेरी कशी चालते ते आधी सांगतो, म्हणजे तुलना करता येईल. अलास्कात डेनाली पर्वताच्या दक्षिणेला टॉकीटना गाव आहे. भोवती स्प्रूस आणि बर्च यांचे रान, जूनमध्ये एकोणीस-वीस तासांचा दिवस, फेऱ्यांचा हंगाम साधारण मे ते सप्टेंबर. तिथली फेरी म्हणजे एकच लांब तार नसते. एका झाडावरच्या मचाणापासून दुसऱ्या मचाणापर्यंत अशा अनेक तारा, मध्ये झुलते पूल, आणि सगळे मिळून दोन-तीन तास. गट आठ-दहा जणांचा आणि त्यांच्याबरोबर दोन मार्गदर्शक. एक सर्वांच्या आधी तारेवरून जातो व पलीकडे उतरवून घेतो, दुसरा मागे राहून एकेकाला जोडतो, तपासतो आणि सोडतो. गटाबरोबर एकच मार्गदर्शक असेल तर एक टोक रिकामे राहते. तिथे पैसे भरू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सुरुवात वजनकाट्याने होते. पुष्कळ ठिकाणी साधारण ३० किलोंच्या खाली आणि १२० किलोंच्या वर घेत नाहीत. नेमकी मर्यादा त्या त्या तारेच्या उतारावर व ब्रेकवर ठरते. आपल्याकडे लोक वजन सांगताना संकोचतात आणि चालकही विचारून लिहून घेतो. हे घातक आहे, कारण जड माणूस तारेवर जास्त वेगाने येतो. हवा दोघांनाही अडवते, पण हलक्याला ती जास्त भोवते. हलके पोर मचाणाच्या अलीकडेच थांबते आणि घरंगळत मागे, झोळाच्या (तार मध्ये खाली झुकते त्या भागाच्या) तळाशी जाऊन लटकते. मग मार्गदर्शकाला तारेवरून हाताहाताने जाऊन त्याला ओढून आणावे लागते. तयारी असेल तर यात मोठे संकट नाही. मात्र हार्नेसमध्ये, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांत, निश्चल लटकून राहिल्यास पायांतले रक्त साचते, त्यामुळे सुटकेचे साहित्य मार्गदर्शकाच्या कमरेलाच हवे, खाली ऑफिसात नको. पोर पोहोचत नाही म्हणून त्याला जोरात ढकलून सोडणे हा उपाय नव्हे. अशा मुलाला मार्गदर्शकाबरोबर जोडीने नेतात.

काट्यानंतर हार्नेस आणि हेल्मेट. मांड्यांचे पट्टे असे बसावेत की पट्ट्याखाली सपाट तळहात जाईल, पण मूठ जाणार नाही. साडीवर हार्नेस बसत नाही. सलवार किंवा पँट हवी आणि ओढणी काढून ठेवावी. मोकळे केस, ओढणी, गळ्यातली लांब माळ हे सगळे पुलीच्या चाकात ओढले जाते. मग जमिनीपासून चार-पाच फुटांवरच्या सरावाच्या तारेवर प्रत्येकाला एकदा नेतात. ज्याला तिथे सूचना पाळता येत नाहीत त्याला वर नेत नाहीत. आपल्याकडे ही पायरी बहुधा गाळतात.

वर मचाणावर एकच नियम आहे, तो म्हणजे जोडल्याशिवाय सोडायचे नाही. हार्नेसला दोन आखूड दोर असतात, दोन्हींच्या टोकाला कॅराबिनर, म्हणजे आपोआप बंद होऊन लॉक होणारी धातूची कडी. एक झाडाच्या तारेत अडकलेला असतानाच दुसरा पुढे लावायचा, मग पहिला काढायचा. व्हॅली क्रॉसिंग (दोराला लटकून दरी ओलांडणे) केलेल्यांना हे पाठ असते. तारेवर जाताना पुलीचा एक जोड असतो आणि पुली निकामी झाली तरी माणूस तारेलाच राहावा म्हणून दुसरा, वेगळा जोड. त्यानंतर मागचा मार्गदर्शक पलीकडे विचारतो, “तार मोकळी?” तिकडून “मोकळी” असे उत्तर आल्याशिवाय तो कोणाला सोडत नाही. पलीकडचे टोक दिसत नसेल तर वॉकीटॉकी लागते. एका तारेवर दोन माणसे येऊन आदळण्याचे अपघात होतात ते हा प्रश्न विचारला न गेल्याने, किंवा उत्तराची वाट न पाहिल्याने.

आता थांबण्याविषयी. सहा मीटर खाली उतरणारा माणूस, घर्षण आणि हवा सोडून हिशेब केला तर, ताशी सुमारे ३९ किलोमीटर वेगाने पोहोचतो. प्रत्यक्षात वेग याहून कमी असतो, पण झाडावर आपटायला तेवढा पुरतो. जुन्या पद्धतीत प्रवासी स्वतःच जाड चामडी हातमोजा घालून तारेवर तळहात दाबतो. हात पुलीच्या मागे ठेवायचा. पुढे ठेवला तर चाके बोटांवरून जातात. तार ओली असली की मोजा घसरतो, म्हणून पावसात ही पद्धत धोक्याची. घाबरलेला माणूस एक तर फार लवकर दाबतो किंवा दाबतच नाही. यामुळेच आता पहिल्या ब्रेकच्या जोडीला दुसरा ब्रेक ठेवतात आणि तो प्रवाशाने काहीही न करता लागू व्हावा लागतो: स्प्रिंगचा, बंजीचा (रबरी दोराचा), चुंबकीय किंवा मार्गदर्शकाच्या हाती असलेला प्रुसिकचा (ताण आला की आवळणाऱ्या दोराच्या गाठीचा). झाडाला किंवा खांबाला बांधलेली गादी हा ब्रेक नव्हे. तिकीट काढण्याआधी शेवटच्या मचाणाखाली जाऊन उभे राहा आणि विचारा, “पहिला ब्रेक लागला नाही तर काय थांबवते?” उत्तर म्हणून बोटाने एखादी वस्तू दाखवता आली पाहिजे.

तार झोळदार दिसली की लोकांना ती ढिली वाटते आणि भीती वाटते. खरा धोका फार ताणलेल्या तारेचा. हिशेब सोपा आहे. मध्यावरच्या माणसाचे वजन गुणिले तारेची लांबी, भागिले झोळाची चौपट. १०० मीटर तारेवर मधोमध १०० किलोचा माणूस असताना झोळ ५ मीटर असेल तर तारेत सुमारे ५०० किलोंचा ताण येतो. तीच तार चेन ब्लॉकने (साखळीच्या कप्पीने) करकचून ओढून झोळ २ मीटरवर आणला की ताण १,२५० किलो. माणूस तोच, तार तीच, आणि खांबावरची ओढ अडीचपट. तारेचे स्वतःचे वजन यात धरलेले नाही.

हा झोळ वर्षभर सारखा राहत नाही. १०० मीटर पोलादी तार ४० अंशांच्या फरकाने सुमारे ५ सेंटिमीटर लांब किंवा आखूड होते. ५ सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण २ मीटर झोळ असलेली १०० मीटर तार सरळ रेषेपेक्षा जेमतेम ११ सेंटिमीटरच जास्त असते. थंडीने त्यातला काही भाग खाल्ला की झोळ कमी होतो, ताण वाढतो आणि माणसे जास्त वेगाने येऊन पोहोचतात. सोलापुरात जानेवारीची पहाट आणि मे महिन्यातल्या उन्हात तापलेली तार यांत ४० अंशांचा फरक सहज पडतो. म्हणून रोज सकाळी मार्गदर्शकाने प्रत्येक तारेवर स्वतः जाऊन पाहायचे आणि वहीत नोंद करायची. ती वही पाहायला मागा. ताजी सही नसेल तर परत फिरा.

तार ज्याला बांधली आहे त्याचीही तपासणी हवी. अलास्कात २०१६ पासून स्प्रूस बीटल नावाच्या किड्याने दक्षिण-मध्य भागातली स्प्रूसची राने पोखरली आहेत. किडा सालीखालचा थर खातो, झाड उभ्याउभ्या वाळते आणि वाळलेले झाड काही वर्षांत ठिसूळ होते. स्प्रूसची मुळेही उथळ. म्हणून तिथे झाडांचा जाणकार दरवर्षी प्रत्येक खोड तपासतो, लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकतो, आणि खोडाला मागून ताणदोर लावलेले असतात. तार खोडाभोवती थेट आवळत नाहीत. मध्ये लाकडाचे ठोकळे ठेवतात आणि खोड जाड होत जाईल तसे ते सैल करतात. नाहीतर तार सालीत रुतून झाडच मरते. लिंबाच्या किंवा चिंचेच्या खोडात तार अर्धी बुडालेली दिसली तर ते झाड आणि ती झिपलाइन दोन्ही अडचणीत आहेत असे समजा.

आपला जिल्हा माळरानाचा. नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारख्या मोकळ्या गवताळ रानांत शेंड्यांवरून जाण्याचा प्रश्नच नाही, आणि तिथे तारा नसाव्यात हेच योग्य. उडत्या माळढोकाला आडवी तार दिसत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या झिपलाइन लोखंडी खांबांवर असतात आणि त्यांचे ताणदोर जमिनीत पुरलेले. इथे काळी माती घात करते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दोन-तीन फूट काळ्या रानात पुरलेला अँकर (ताणदोराचा आधार) दोन हंगामांत हलू लागतो. खोदाई मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत गेली पाहिजे. खांबाच्या पायाशी भेगा आणि सैल ताणदोर साध्या डोळ्यांना दिसतात.

तारेच्या टोकाचे यू-क्लॅम्पही, म्हणजे दुमडलेले टोक तारेला आवळून धरणाऱ्या यू आकाराच्या पकडी, कोणालाही पाहता येतील. १२ मिलिमीटर तारेला किमान तीन, आणि दोहोंत तारेच्या जाडीच्या सहापट, म्हणजे सात-साडेसात सेंटिमीटर अंतर. यूचा वाकलेला भाग परत दुमडलेल्या मोकळ्या टोकावर बसला पाहिजे आणि खाचांची बैठक ताण घेणाऱ्या तारेवर. उलटा बसवला तर यू ताणाच्या तारेत रुतून तिला चिरडतो. एक सुलट, एक उलट हेही चूक. पहिला भार पडल्यावर तार किंचित बारीक होते, तेव्हा नट पुन्हा आवळावे लागतात. हे राहून जाते आणि क्लॅम्प हळूहळू सरकतात. तारेत तुटलेले बारीक तंतू शोधायला सुती कापड तारेवरून फिरवतात. आपल्या टेरी टॉवेलचा जुना तुकडा यासाठी उत्तम, तंतू लगेच अडकतो.

हार्नेसबद्दल सोलापूरकरांना वेगळे काय सांगावे? सूत, पीळ आणि शिवण या गावाला कळते. नायलॉन-पॉलिस्टरचा पट्टा उन्हात पडून राहिला की रंगाबरोबर ताकदही जाते. पट्ट्याची शिवण मुद्दाम वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने घालतात, झिजली की पटकन दिसावी म्हणून. शिवणीचे धागे निघालेले, पट्टा कडक किंवा केसाळ झालेला, आत शिवलेली उत्पादन-वर्षाची पट्टी नाहीशी झालेली असेल तर तो हार्नेस नाकारा. बहुतेक उत्पादक कापडी साहित्य न वापरताही दहा वर्षांवर ठेवू नये असे सांगतात. आपल्या उन्हात ते खूप आधी बाद होते.

नियम आहेत. युरोपात इ.एन. १५५६७ हे मानक, अमेरिकेत ए.सी.सी.टी. या दोरमार्ग-झिपलाइन क्षेत्रातल्या संघटनेचे मानक, आपल्या देशात २०१८ ची साहसी पर्यटन मार्गदर्शक तत्त्वे, ज्यांत झिपलाइनचा स्वतंत्र भाग आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले आणि आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आवश्यक केली.

आमची मागणी दोन गोष्टींची आहे. उन्हाळी सुट्ट्यांच्या आधी जिल्हा प्रशासनाने आपल्या जिल्ह्यातील नोंदणीकृत झिपलाइन केंद्रांची यादी, शेवटच्या तपासणीच्या तारखेसह, वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करावी. आणि आपल्या दैनिकाने झिपलाइनची जाहिरात स्वीकारताना लांबी-उंचीच्या शेजारी नोंदणी क्रमांक, वजनाची मर्यादा आणि दुसऱ्या ब्रेकचा प्रकार या तीन ओळी छापण्याची अट घालावी.

आपले,
दोरकाम आणि गिर्यारोहणाचे प्रशिक्षण देणारे काही सोलापूरकर